मदत हवी आहे: नववीच्या इंग्रजीत अ‍ॅबोरिजिनल कविता शिकवताना

नमस्कार मंडळी. मी मेलबर्नमध्ये नववीला इंग्रजी शिकवते. अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर या ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा इतिहास-संस्कृती सगळ्याच विषयांत यावी, असं इथला अभ्यासक्रम सांगतो. प्रत्यक्षात जुलैच्या नायडॉक आठवड्यात (या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा उत्सव) एखादी लोककथा, ठिपक्यांचं चित्र, की झालं! (ती ठिपक्यांची शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, मेलबर्नची भूमी मात्र वुरुंजेरी लोकांची, म्हणजे ती शैली इथली नव्हेच.)

यंदा मी ऊजरू नूनकल या मूळ रहिवासी कवयित्रीच्या कविता घेतेय. १९६४ साली त्यांचा पहिला संग्रह आला तो कॅथ वॉकर या नावाने. पुढे ब्रिटिश वसाहतीला दोनशे वर्षं झाल्याच्या १९८८ च्या सोहळ्याचा निषेध म्हणून त्यांनी ब्रिटिश किताब परत केला आणि नावही बदललं. मुलांशी बोलायला नाव बदलण्याची ही एक गोष्टसुद्धा पुरेल.

अडचण वेगळीच आहे. वर्गात एकच अ‍ॅबोरिजिनल मुलगा आहे, आणि विषय निघाला की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. बिचारा वहीत डोकं खुपसतो. त्याच्याशी आधी एकट्याने बोलावं का? की तसं बोलल्यानेच तो अवघडेल?

तिकडे भारतात मिश्र वर्गात दलित कविता शिकवलेल्या शिक्षकांनी हे कसं सांभाळलं, तेही सांगा. पुढच्या सोमवारी पहिला तास आहे.