हिब्रू तनाखमधले अध्यायांचे आकडे कोणाचे?

नगरवाली: आमच्या चर्चच्या बायबल अभ्यासात सध्या स्तोत्र ५१ चाललंय. ऑफिसातल्या यहुदी मित्राकडून त्याचं तनाख, म्हणजे यहुद्यांचं हिब्रू बायबल, मागून आणलं. ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ हे आमच्या मराठी बायबलात १०वं वचन, त्याच्याकडे १२वं. स्तोत्र मात्र दोन्हीकडे ५१च! मलाखीचे आमच्याकडे ४ अध्याय, त्याच्याकडे ३. मग हे आकडे मुळात कोणाचे?

शनवारतेली: ताई, अध्याय तुमच्याकडचे. मी ठाण्याचा बेने इस्राएली. आमच्या सिनेगॉगमधल्या तोराच्या (तनाखच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळीत एकही आकडा नाही, मजकुरात फक्त मोकळ्या जागा सोडलेल्या. वाचन होतं ते ५४ पाराशांप्रमाणे, म्हणजे वाचनासाठी पाडलेल्या भागांप्रमाणे. लॅटिन बायबलचे अध्याय पाडले पॅरिसला शिकवणाऱ्या स्टीफन लँगटनने, १३व्या शतकाच्या सुरुवातीला. पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

आम्ही ते उचलले ते काही प्रेमाने नव्हे. धर्मवादात समोरचा ख्रिस्ती पंडित अध्याय सांगून वचन काढून दाखवायचा, आपल्याला ते सापडायला तर हवं! म्हणून फ्रान्समधल्या आर्लच्या यहुदी आयझॅक नाथनने १४३७ ते १४४७ अशी दहा वर्षं खपून हिब्रू शब्दसूची (कोणता शब्द कुठल्या वचनात येतो त्याची यादी) केली, लॅटिन सूचीच्या धर्तीवर आणि त्याच अध्यायांनुसार. पुढे व्हेनिसला बॉम्बर्गने हिब्रू बायबल छापलं, तोही ख्रिस्तीच. मग आकडे कायमचे चिकटले.

मला एकच अध्याय खटकतो, उत्पत्तीचा पहिला. शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, म्हणताना आम्ही पहिल्या अध्यायाचे शेवटचे शब्द, ‘सहावा दिवस’, घेतो आणि न थांबता दुसऱ्यात, सातव्या दिवसात म्हणजे शब्बाथमध्ये, शिरतो. लँगटनसाहेबांनी कात्री चालवली ती नेमकी तिथेच, शब्बाथच्या उंबरठ्यावर.

दोन वचनांचा फरक मात्र साधा आहे. ‘नाथान संदेष्टा दाविदाकडे आला’ वगैरे जो मथळा आहे, तो आम्ही दोन वचनं म्हणून मोजतो, तुम्ही मोजत नाही.

ग्रंथकिडा: देणंघेणं एकतर्फी नव्हतं हं. ख्रिस्ती विद्वान जेरोम बेथलेहेमला बायबलचं लॅटिन भाषांतर करत होता, तेव्हा यहुदी गुरू गाठून शंका विचारायचा. फ्रान्समधल्या त्र्वाचा यहुदी भाष्यकार राशी (रब्बी सॉलोमन) ११०५ मध्ये गेला. त्याचं भाष्य फ्रान्सिस्कन संघाचा ख्रिस्ती साधू निकोलस ऑफ लिरा याने १४व्या शतकात पानोपानी वापरलं, ‘रब्बी सॉलोमन म्हणतो’ असं उघड नाव घेऊन. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या हाताशी लिराचं भाष्य होतं. म्हणजे तुमच्या प्रोटेस्टंट प्रवचनांत राशी मागच्या दाराने येऊन बसलेला असू शकतो.

नगरवाली: हे आमच्या पाळकांना सांगायलाच हवं! आणि मलाखी?

शनवारतेली: मजकूर तोच. तुमचं ४:१ ते ६ म्हणजे आमचं ३:१९ ते २४. वल्हांडण सणाआधीच्या शब्बाथला हा भाग वाचतात. शेवटचं वचन शापाचं, म्हणून ते झालं की एलीयाचं आधीचं वचन पुन्हा म्हणतात. तुमच्या बायबलात ४:५ बघा.