मान्सूनची कोरडी आणि ओली दशके कोण ठरवते?

पर्वतीकर: देशभराच्या मान्सूनच्या नोंदी पाहिल्या, तर १९०१ ते १९३० हा काळ तुलनेने कोरडा, १९३१ ते १९६० चांगल्या पावसाचा आणि पुढची तीन दशके पुन्हा तुटीची दिसतात. एल निनो (विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची घटना) वर्षभरात विरतो आणि वातावरणाची स्मृती पंधरवड्यापलीकडे टिकत नाही. मग हा संथ चढउतार कोण धरून ठेवते?

पाषाणवासी: समुद्र. त्याच्या वरच्या जेमतेम अडीच-तीन मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. वादळे आणि वारे त्याला रोज वाटेल तसे धक्के देतात. तो ते साठवत जातो आणि त्यातूनच वर्षानुवर्षांचे मंद चढउतार उभे राहतात, असे हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये गणिताने दाखवले (२०२१ चे नोबेल त्यांना उगाच मिळाले नाही). शिवाय हिवाळ्यात वाऱ्याने खोलवर घुसळलेले पाणी उन्हाळ्यात उबदार पातळ थराखाली झाकले जाते आणि पुढच्या हिवाळ्यात घुसळण झाली, की गेल्या वर्षीचा गारवा किंवा ऊब पुन्हा वर येते.

पर्वतीकर: म्हणजे प्रशांत महासागराचे दशकीय दोलन (त्याच्या उत्तर भागातील पाण्याच्या तापमानाचा दशकानुदशके चालणारा चढउतार) हे ठरावीक चक्र नाही?

पाषाणवासी: घड्याळासारखे तर मुळीच नाही. १९७६-७७ च्या सुमारास ते थंड अवस्थेतून उष्ण अवस्थेत गेले, पण त्यामागे एकच कारण नाही: एल निनोचे दूरवरचे परिणाम, अल्युशियन बेटांजवळच्या कमी दाबाचे बदल आणि जपानच्या दिशेने वर्षानुवर्षे सरकणाऱ्या रॉसबी लाटा (समुद्रातल्या प्रचंड लांब, संथ लाटा), असे सगळेच त्यात मिसळलेले असते.

डेक्कनचा वाचक: मान्सूनशी त्याचा संबंध असा, की हे दोलन उष्ण असताना आलेला एल निनो सहसा आपल्याला जास्त जाचतो. सहसाच म्हणायचे, कारण १९९७ मध्ये प्रचंड एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस पडला. त्या वर्षी हिंदी महासागरातील द्विध्रुव (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील पाण्याच्या तापमानाचा फरक) आपल्या बाजूने होता. दीडशे वर्षांच्या नोंदींत असे जेमतेम चार-पाच कालखंड सापडतात, त्यामुळे एवढ्यावर पुढच्या दशकाचा अंदाज बांधणे धाडसाचे आहे. अटलांटिकच्या तापमानाचा ६०-८० वर्षांचा चढउतार समुद्राचा स्वतःचा, की कारखान्यांच्या व ज्वालामुखींच्या सूक्ष्म कणांनी घडवलेला, यावर तर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.