मदत हवी आहे: विंडोज ११ चं अपग्रेड तीनदा अर्ध्यावरून परत फिरलं, बायॉस अपडेट करू का?

नमस्कार मंडळी,

आईच्या लॅपटॉपवर विंडोज १० वरून ११ वर जायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तो एकाच ठिकाणी अडकून मागे फिरला. आता बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करणं एवढंच राहिलंय असं वाटतं, आणि भीतीही नेमकी त्याचीच वाटते. म्हणून हात लावायच्या आधी विचारतेय.

मशीन असं आहे: आठव्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. एसएसडी मूळचा नाही, जुनी हार्ड डिस्क काढून नंतर बसवून घेतला. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती. एमएसइन्फो३२ (मशीनची माहिती दाखवणारं विंडोजचं साधन) मध्ये बायॉस मोड यूईएफआय (बायॉसचा नवा प्रकार) दिसतो, सिक्युअर बूट चालू आहे, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) २.० आहे. पीसी हेल्थ चेकमध्ये सगळीकडे हिरवी खूण. बायॉसची तारीख मात्र २०१८ ची आहे. म्हणजे लॅपटॉप घेतला तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

होतं असं की डाउनलोड नीट होतं, विंडोजच्या आतली टक्केवारी १०० ला पोचते आणि मशीन रीस्टार्ट होतं. काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली फिरणारे ठिपके. वीसेक मिनिटांनी ठिपके जागच्या जागी थिजतात. पुसले जात नाहीत, पुढेही सरकत नाहीत. पहिल्या वेळी मी दोन तास तशीच बसून होते. शेवटी बटण दाबून बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर विंडोजची आधीची आवृत्ती परत आणत असल्याचा संदेश आला आणि थोड्या वेळात विंडोज १० जसंच्या तसं समोर. फाइल एकही गेली नाही. लॉगिन केल्यावर एक चौकट येते, त्यात हा एरर कोड असतो: ०एक्स-सी१९००१०१, पुढे ०एक्स-२००१७. आणि सेफ ओएस टप्प्यात बूट करताना चूक झाली, अशा अर्थाचं एक वाक्य.

आतापर्यंत केलेले उपाय: अँटिव्हायरस पूर्ण काढला. माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह सगळं सोडवून ठेवलं. विंडोजच्या फायली तपासणाऱ्या एसएफसी स्कॅननाऊ आणि डिस्म या दोन्ही कमांड चालवल्या, दोन्हींत काही सापडलं नाही. सी ड्राइव्हवर ७० जीबी जागा मोकळी आहे. तिसऱ्या वेळी इंटरनेट बंद ठेवून आयएसओमधून (विंडोजच्या पूर्ण इन्स्टॉल फाइलमधून) अपग्रेड केलं, तरी तेच.

सगळं पुसून नव्याने विंडोज टाका असं सुचवाल, म्हणून आधीच सांगते. आईला कमी दिसतं. तिने स्क्रीन मॅग्निफायर, मोठा कर्सर, रंगांचा कॉन्ट्रास्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, डेस्कटॉपवर कोणतं चिन्ह कुठे, हे सगळं स्वतःच्या हाताने बसवलंय. डोळ्यांनी शोधत नाही ती, हाताच्या सवयीने जाते. ते सगळं पुसून तिला पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावणं माझ्या जिवावर येतं. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिचे बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात, त्यामुळे जुन्यावर राहणंही पटत नाही.

तर विचारायचं हे की, हा एरर खरंच जुन्या बायॉसमुळे येऊ शकतो का? २०१८ च्या आवृत्तीवरून थेट आजच्या आवृत्तीवर जाता येतं का? आणि मध्येच वीज गेली तर मशीन कायमचं बंद पडतं म्हणतात, ते कितपत खरं?

प्रतिसाद १

ताई, तुम्ही कोडचा दुसरा भागही दिलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक नुसता पहिला भाग लिहितात, आणि त्यावरून फक्त एवढंच कळतं की कुठल्यातरी ड्रायव्हरच्या पातळीवर अडलं आणि अपग्रेड मागे फिरलं. खरी खूण दुसऱ्या भागात असते. २००१७ मधला पहिला २ म्हणजे सेफ ओएस टप्पा. तिथे ३ असता तर पहिल्या बूटचा टप्पा, ४ असता तर दुसऱ्या बूटचा.

सेफ ओएस टप्प्यात तुमचं नेहमीचं विंडोज चालूच नसतं. एक छोटी तात्पुरती सिस्टिम उठते आणि ती फायलींची अदलाबदल करते. त्यामुळे तुम्ही अँटिव्हायरस काढला, एसएफसी चालवलं, त्याने फरक पडला नाही यात नवल नाही. या टप्प्यावर अडलं की संशय सहसा तिघांवर जातो: हार्डवेअर, फर्मवेअर (म्हणजे बायॉस), किंवा डिस्क एन्क्रिप्ट करणारं (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करणारं) बाहेरचं सॉफ्टवेअर. तुमचं फर्मवेअर २०१८ चं आहे, तेव्हा मीही तिथूनच सुरुवात करेन.

त्याआधी दोन कामं करा. रात्री झोपताना मेमटेस्ट८६ लावून रॅम तपासा. आणि सेटअपडायग नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन चालवा, ते अपग्रेडचे लॉग वाचून कारण सांगतं. स्वतः वाचायचे असतील तर सी ड्राइव्हवर डॉलर चिन्हाने सुरू होणारा विंडोज बीटी हा लपवलेला फोल्डर असतो, त्यात सोर्सेस आणि त्यात पँथर. तिथली सेटअपएरर फाइल शेवटाकडून वर वाचत जा.

प्रतिसाद २

थांबा, बायॉसला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासाच. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे का? अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

डिस्कची किल्ली टीपीएमकडे असते. मशीन चालू होताना फर्मवेअर आणि बूटच्या फायलींचं मोजमाप घेतलं जातं. ते आधीच्या मोजमापाशी जुळलं तरच टीपीएम किल्ली देतो. फर्मवेअर बदललं की हे मोजमापही बदलू शकतं, आणि मग निळा पडदा येऊन ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. कुणीही मिळवून देऊ शकत नाही. हे घाबरवायला सांगत नाही, माझ्या ओळखीच्यांचे सहा वर्षांचे फोटो असेच गेले.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'manage-bde -status' असं टाइप करा. प्रोटेक्शन ऑन दिसलं तर की आधी शोधा, कागदावर उतरवा, आणि मग प्रोटेक्शन तात्पुरतं थांबवा. थांबवताना रीबूट काउंट शून्य द्या. नाहीतर एका रीस्टार्टनंतर ते आपोआप चालू होतं, आणि फर्मवेअर अपडेट होताना मशीन एकापेक्षा जास्त वेळा रीस्टार्ट होतं.

उतरवलेले अंक तपासायची एक सोय आहे. की सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. भाग गेला नाही तर तो गट चुकला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. प्रोटेक्शन ऑनच निघालं! आम्हा दोघींना काहीच कल्पना नव्हती.

की आईच्या खात्यात सापडली. मी कागदावर उतरवून घेतली आणि ११ च्या कसोटीबद्दल आईला सांगितलं. ती निवृत्त गणित शिक्षिका. म्हणाली, तू एकेक अंक सावकाश वाच. एक सोडून एक अंकांच्या दोन बेरजा, त्यांची वजाबाकी, ती ० किंवा ११ च्या पटीत हवी. आठही गट तिने मनातच केले. पाचव्या गटावर थांबली आणि म्हणाली, हा चुकलाय. पाहिलं तर मी ७ च्या जागी १ लिहिला होता. तो कागद तसाच ठेवून दिला असता तर काय झालं असतं, या विचाराने अजून धस्स होतं.

मेमटेस्टमध्ये रॅम ठीक निघाली. सेटअपडायगने मात्र तेवढंच सांगितलं, सेफ ओएसमध्ये बूट झालं नाही, त्याच्या पुढे काही नाही.

प्रतिसाद ३

मी तरी क्लीन इन्स्टॉलच करेन. अर्ध्या तासाचं काम, आणि जुना कचराही साफ होतो.

धागाकर्ती

तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण वर लिहिलेल्या कारणासाठी तो मी अगदी शेवटचा ठेवलाय.

प्रतिसाद ४

बायॉस अपडेटची भीती उगाच नाही. १९९८ मध्ये आलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला जागा झाला आणि कित्येक मशिन्सच्या बायॉस चिपवर कचरा लिहून गेला. चिप बदलल्याशिवाय ती मशिन्स उठली नाहीत. पण आताचं यूईएफआय फर्मवेअर वेगळं आहे. अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते, ती पटल्याशिवाय लिहायला सुरुवातच होत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये बिघाड झाल्यास जुनी प्रत परत टाकायची सोयही असते. लिहिणं चालू असताना वीज जाणं मात्र आजही धोक्याचंच. लॅपटॉपला बॅटरी आहे हे तुमचं नशीब. ती पूर्ण भरा, चार्जरही लावून ठेवा.

फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि मॉडेलच्या नावावर न जाता मशीनखालच्या सीरियल नंबरने शोधा. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन वेगळे मदरबोर्ड असू शकतात. सोबतची रिलीज नोट वाचा. थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येतं की आधी मधली टाकावी लागते, ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि हे विसरू नका: अपडेट करण्याआधी बायॉसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. प्रत्येक पानाचा. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. त्यातही स्टोरेज किंवा साटा मोड (मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ते सेटिंग) काय आहे तो फोटो स्पष्ट यायला हवा.

पडदा काळा झाला, पंखा जोरात फिरला, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झालं तरी बटणाला हात लावायचा नाही.

धागाकर्ती

केलं! सविस्तर लिहिते, कारण मध्ये एका ठिकाणी काळजाचं पाणी झालं होतं.

आधी आईच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या आणि त्यातल्या दहा-बारा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्या. बायॉसचे १४ फोटो काढले. रिलीज नोटमध्ये खरंच लिहिलं होतं की जुन्या आवृत्तीवरून आधी मधली एक टाका. आणि त्या मधल्या आवृत्तीच्या नोंदीत, ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड होताना मशीन अडकण्याची अडचण दूर केली, अशी एक ओळ होती. ती वाचली आणि तीन वेळा वाया गेलेला वेळ डोळ्यांसमोर आला.

पहिली आवृत्ती सुरळीत गेली. दुसरीच्या वेळी पडदा चार मिनिटं पूर्ण काळा. पंखा इतक्या जोरात की आई आतल्या खोलीतून विचारायला आली. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते. मग कंपनीचं चिन्ह आलं, सुटले म्हणेपर्यंत निळा पडदा. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. आपोआप रीस्टार्ट, पुन्हा तेच.

तेव्हा फोटो आठवले. बायॉसमध्ये जाऊन एकेक पान जुळवत गेले. सहाव्या फोटोत साटा मोड एएचसीआय होता, पडद्यावर रेड (RAID, दुसरा मोड) दिसत होतं. एसएसडी बसवला तेव्हा कुणीतरी तो बदलला असणार, आणि अपडेटने मूळ सेटिंग परत आणलं. एएचसीआय केलं, सेव्ह करून बाहेर पडले, आणि विंडोज १० उठलं. रिकव्हरी की मागितली नाही. फोटो काढून ठेवले नसते तर मी डिस्क गेली असंच समजले असते.

दुसऱ्या दिवशी चौथ्यांदा अपग्रेड लावलं. ठिपके फिरत राहिले, थिजले नाहीत. तासाभरात विंडोज ११ समोर. मॅग्निफायर, मोठा कर्सर, इनस्क्रिप्ट सगळं जागेवर. फक्त टास्कबार मध्यभागी गेला होता, तो आईसाठी डावीकडे आणून ठेवला. तिने मेल उघडली, कुणालातरी दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि म्हणाली, चालतंय की.

आता एकच प्रश्न. विंडोज ओल्ड नावाचा २० जीबीचा फोल्डर झालाय, तो काढू का?

प्रतिसाद १

वा, फार छान वाटलं वाचून. तो फोल्डर राहू द्या. विंडोज १० वर परत जायची सोय १० दिवस असते, ती त्याच फोल्डरच्या जोरावर. तेवढ्या दिवसांत आईंना प्रिंटर, स्कॅनर, बँक सगळं वापरून पाहू द्या. नंतर विंडोज तो स्वतःच काढून टाकतं.

प्रतिसाद २

अभिनंदन! रीबूट काउंट शून्य देऊन थांबवलेलं प्रोटेक्शन पुन्हा चालू केलंत ना? ते आपणहून चालू होणार नाही.

धागाकर्ती

नव्हतं केलं. आत्ता तुमचं वाचून स्टेटस पाहिलं, प्रोटेक्शन ऑफ होतं. चालू केलं. आणि खात्यात जाऊन की तीच आहे का तेही पाहिलं. तीच आहे. आईने कागदाशी एकदा ताडून पाहिली आणि तो तिच्या कपाटात ठेवलाय.