चक्रीवादळाचे नाव आधीच कसे ठरलेले असते?

खाडीकाठ:
मे 2025 मध्ये रत्नागिरी-दापोली पट्ट्यात वादळी पाऊस झाला, त्याच्या आधी काही दिवस ‘शक्ती’ चक्रीवादळ येत असल्याचे संदेश आमच्याकडे मोबाइलवर फिरत होते. हवामान विभागाने मात्र त्या पावसाला असे कोणतेही नाव दिले नव्हते. पुढे ऑक्टोबरमध्ये याच नावाचे वादळ अरबी समुद्रात खरोखरच तयार झाले. मग मे महिन्यात हे नाव लोकांना कुठून कळले? ही नावे ठरवते कोण, आणि ती वादळाला नेमकी केव्हा लागू होतात?

वातकुक्कुट:
नाव कळण्यात गूढ काहीच नाही, कारण संपूर्ण यादी एप्रिल 2020 पासून जाहीर आहे. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांतील चक्रीवादळांना नाव देण्याचे काम जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेनुसार भारतीय हवामान विभागाच्या नवी दिल्लीतील केंद्राकडे आहे. मात्र नावे सुचवतात ते या समुद्रांभोवतीचे 13 देश. प्रत्येकाची 13 याप्रमाणे 169 नावे झाली, आणि देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने, म्हणजे बांगलादेश, भारत, इराण, मालदीव अशी सुरुवात करून येमेनपर्यंत, प्रत्येकाचे एकेक नाव घेत पुढे जायचे असते. नोव्हेंबर 2024 मध्ये सौदी अरेबियाचे ‘फेंगल’ वापरले गेले, त्यानंतर क्रमाने श्रीलंकेचे ‘शक्ती’ येणार हे यादी पाहणाऱ्या कोणालाही दिसत होते.

मात्र यादीत पाळी येणे वेगळे आणि नाव मिळणे वेगळे. वाऱ्याचा तीन मिनिटांचा सरासरी वेग 34 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 62 किलोमीटर, इतका झाल्यावरच त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि तेव्हाच नाव देतात. 24 मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान जमिनीवर आलेली प्रणाली डिप्रेशन होती; ती या मर्यादेच्या खाली राहिली, म्हणून ते नाव तसेच शिल्लक राहिले. नाव आले म्हणजे वादळ आलेच, असे समजून संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना उगीच घाबरवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाखवा:
वरील उत्तराला थोडी जोड. नावे देण्याची ही पद्धत आपल्याकडे 2004 मध्ये सुरू झाली आणि पहिले नाव होते ‘ओनिल’. त्यापूर्वी वादळांना क्रमांक असत. 1999 मध्ये ओडिशात हाहाकार माजवणाऱ्या महाचक्रीवादळाला म्हणूनच नाव नाही. आमच्या बंदरावर मात्र नोव्हेंबर 2009 चा विषय निघाला की सगळे ‘फयानच्या साली’ असेच म्हणतात. हे नाव म्यानमारने दिलेले आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नसते, पण रेडिओवरून इशारा ऐकताना आणि नंतर आठवण ठेवताना क्रमांकापेक्षा नावच उपयोगी पडते. नाव आठ अक्षरांपेक्षा (इंग्रजी लिपीतील) मोठे नसावे, उच्चाराला सोपे असावे आणि कोणाच्या भावना दुखावणारे नसावे, असे निकष आहेत. तरीही 2013 मध्ये श्रीलंकेनेच सुचवलेल्या ‘महासेन’ या नावावर खुद्द श्रीलंकेत आक्षेप घेतला गेला, कारण ते तिथल्या एका प्राचीन राजाचे नाव आहे; अखेर ते बदलून ‘वियारू’ करण्यात आले.

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. आणखी एक शंका. अमेरिकेकडे तीच ती नावे काही वर्षांनी पुन्हा येतात, तसे आपल्याकडे होते का?

वातकुक्कुट:
नाही. अटलांटिकमध्ये प्रत्येकी 21 नावांच्या सहा याद्या आळीपाळीने वापरतात, त्यामुळे नाव सहा वर्षांनी परत येते. ‘कॅटरिना’सारखे फार नुकसान करणारे नाव तेवढे कायमचे काढून टाकतात. आपल्याकडे कोणतेही नाव एकदाच. जुन्या यादीतील 64 नावे मे 2020 मध्ये ‘अम्फान’ने संपली आणि 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ हे नव्या यादीतील पहिले नाव ठरले.

मोसमी:
एकाच वादळाला दोन नावेही मिळतात का, असा प्रश्न यापुढे हमखास येईल, म्हणून लिहून ठेवतो. सप्टेंबर 2021 मध्ये आंध्र-ओडिशा किनाऱ्यावर आलेले ‘गुलाब’ जमिनीवर विरत गेले. त्याच्या अवशेषांनी मराठवाड्यात धो धो पाऊस पाडला, आणि तेच अवशेष अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावल्यावर त्याला पुढचे नाव, कतारचे ‘शाहीन’, देण्यात आले. याउलट जानेवारी 2019 मध्ये थायलंडच्या आखातातून अंदमान समुद्रात शिरलेल्या ‘पाबुक’ने आपले नाव टिकवले, कारण ते वादळ म्हणूनच इकडे आले होते.