फ्रेम करू नका, शिवारात न्या

जुन्या नकाशांची पुनर्मुद्रणं भिंतीवर लावण्यापुरतीच, असं एका दादांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. एक इंचाला एक मैल मापाचं जुनं शीट घेऊन मी पांझरा नदीकाठी मामांच्या गावी गेलो होतो. मामांनी चष्मा पुसला, बंधाऱ्यापासून निघालेल्या बारीक रेघेवर बोट ठेवलं अन् म्हणाले, "हाच आपला पाट!" मग उन्हातच निघालो. बाभळीखाली पाटाचा दगडी काठ सापडला. बंधारा, पाट आणि शिवाराचे तीन-चार फड म्हणजे मोठे भाग, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, ही आपली पाणी देण्याची फडपद्धत मला तिथे उभं राहून कळली.

मात्र छापील प्रत पुष्कळदा लहान केलेली असते. मग इंच-मैलाचा हिशेब चुकतो, म्हणून खालच्या मापपट्टीवरूनच अंतर मोजा. सालही बघा. 1906 पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळे. नंतर पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. त्या काळच्या नकाशात 'जळगाव जिल्हा' शोधाल तर सापडायचा नाही, पूर्व खानदेशात बघा.

आणि सोबत गावातलं एखादं जुनं माणूस न्याच.