लिफ्ट केली तरी डिफरन्शियल तिथंच राहतो
ऑफ-रोडसाठी लांब स्प्रिंगा लावून गाडी लिफ्ट केली, म्हणजे उंच केली, की खालून दगड लागत नाहीत, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. चासी वर जाते, पण सॉलिड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याला जोडलेल्या) गाडीत डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, गोळा होता तिथंच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायरचा व्यास २ इंच वाढवला तरी खाली मिळतो जेमतेम १ इंच.

ब्रेकच्या होजबद्दल (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीबद्दल) मात्र कुणीच लिहिलं नाही. माझ्या गाडीला २ इंची लिफ्ट बसवल्यावर चासीला जॅक लावून मागची चाकं लोंबू दिली, तर होज तारेसारखा ताणलेला, बोटानं दाबला तरी हलेना! गाडी जमिनीवर उभी असताना हे दिसतच नाही. चर ओलांडताना चाक हवेत लटकलं की तो तुटू शकतो. स्प्रिंगांबरोबरच लांब होजही मागवा.