मदत हवी आहे : चिनी कादंबरी, पॉडकास्ट आणि नावांचा गुंता

नमस्कार मंडळी,

त्साओ श्युएछिन यांची 'होंग लोऊ मंग' (लाल हवेलीचं स्वप्न) ही अठराव्या शतकातली चिनी कादंबरी गेले दोन महिने वाचतेय. हाताशी डेव्हिड हॉक्स आणि जॉन मिनफर्ड यांचा पाच खंडांचा इंग्रजी अनुवाद आहे. सोबत प्रकरणवार गप्पांचा एक पॉडकास्ट ऐकते, आणि तिथेच अडते. पॉडकास्टमध्ये 'शीरन' म्हणतात ती दासी माझ्या पुस्तकात 'अरोमा' आहे! हॉक्स यांनी दासदासींच्या नावांचे अर्थ दिलेत, बाओयू-दाय्यू या मुख्य पात्रांची नावं मात्र मूळचीच ठेवलीत. शेकडो पात्रं, त्यात ही दोन-दोन नावं. अर्धा वेळ कोण कोणाविषयी बोलतंय हे शोधण्यात जातो. तरी दाय्यू गळलेली फुलं पुरते, त्या प्रसंगावरच्या गप्पा मी तीनदा ऐकल्या. इतक्या सुंदर आहेत.

कुणाकडे नावं जुळवून केलेला तक्ता आहे का? पहिल्या 80 प्रकरणांनंतरची 40 कोणाची, या वादावर नीट बोलणारा एखादा भाग सुचवाल का?

यानंतर लू श्युन या आधुनिक चिनी लेखकाकडे वळायचंय. त्यांची 1918 ची 'वेड्याची रोजनिशी' ही कथा आधी वाचावी, की तिच्यावरची चर्चा आधी ऐकावी? चिनी शिकलेल्या कुणी उच्चारांबद्दलही सांगितलं तर फार मदत होईल.